दूध घातलेला काढा

बायकोने उटण्यासाठी संत्र्याच्या साली वाळत घातल्या आणि घरभर बाबांच्या काढ्याचा वास पसरला.

बाबा ठाण्याहून इकडे परदेशात, टार्निटला माझ्याकडे आले ते जुना खोकला घेऊनच. गोळ्यांनी गुण येईना, म्हणून मी त्यांना एका चिनी वैद्यबाईंकडे नेलं. त्यांनी संत्र्याच्या वाळक्या साली आणि मुळ्यांची पुडी दिली. काढा कडूजहर झाला. मी अतिशहाणा, चहासारखं त्यात दूध-साखर घातली. सगळं फाटलं. बाबांनी तरीही कप रिकामा केला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"तुझ्या आईच्या चहापेक्षा बरा आहे रे," म्हणत ते हसले आणि हसताहसता खोकत राहिले.

औषध मीच नासवलं, तरी त्या खोकल्यावर मी वैतागायचो. आता बाबा नाहीत. त्यांचं हसणं आठवायला गेलो की आधी खोकलाच ऐकू येतो, आणि तो थांबू नये असं वाटतं.