आतून कोरलेला दस्ता

आज इथे जुबैलला रंध्याच्या मुठीला जवसाचं तेल चोळलं आणि त्या वासाने मला अल मलाझमधल्या आमच्या जुन्या सुतारखान्यात नेऊन सोडलं.

आमच्या कफीलच्या, म्हणजे आम्हाला कामाला आणणाऱ्या अरब मालकाच्या, म्हाताऱ्या वडिलांना शिकारीची बंदूक खांद्याला लावणं जड जात होतं. पण खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता काढून हलका प्लास्टिकचा त्यांना नको होता. बंदूक त्यांच्या बापाची होती. शेवटी तेलपाण्याच्या नावाखाली कफीलने ती आमच्याकडे आणली. रत्नागिरीत होड्या बांधून हात बसलेल्या उस्मानमामूंनी दस्त्यामागची लोखंडी पट्टी काढली आणि लाकूड आतून कोरायला घेतलं. दर चार घावांनी बोटाने टकटक करून ते कान लावायचे. "ऐक, लाकूड बोलायला लागलं. आता बस्स." बाहेरून ओरखडाही नाही! मी बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारा कफीलबरोबर बंदूक न्यायला आला, एका झटक्यात ती उचलली आणि मुलाकडे बघून हसला, "म्हणे मी थकलो!"

तेव्हा मी मामूंच्या हातांवर भाळलो होतो. आता माझाच खांदा धरतो, तेव्हा वेगळंच आठवतं. म्हातारा यायच्या आधी मामूंनी त्या लाकडाची एकेक ढलपी वेचून आपल्या डब्याच्या पिशवीत लपवली होती.