चेक वैमानिकाच्या आईचा प्रश्न

लॉकडाऊनमधल्या एका सकाळी शेजारच्या डच आजींनी माझ्या दाराबाहेर बादली आणि मऊ ब्रश ठेवला आणि दीड मीटर मागे सरकल्या. नेदरलँड्समधल्या आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून सायकलने तासाभरावर एका कबरस्तानात युद्धातला एक वैमानिक पुरलेला होता. इथे अशा परक्या सैनिकांच्या कबरी देखभालीसाठी लोकांनी घराघरांत वाटून घेतल्या आहेत. ही आजींना त्यांच्या आईकडून मिळालेली. ऐंशी पार केलेल्या आजींना बाहेर पडायची चोरी झाली होती, म्हणून ती घासायचं काम माझ्याकडे आलं.

दगडावर ब्रिटिश हवाई दलाचं चिन्ह दिसलं आणि माझं डोकं फिरलं. इंग्रजाचं थडगं घासायला मीच सापडले? कसाबसा ब्रश फिरवून परतले आणि आजींना तसं बोललेही.

त्या शांतपणे म्हणाल्या की तो चेक होता. देश जर्मनांनी गिळल्यावर हे वैमानिक मजल दरमजल करत इंग्लंडला पोचले आणि तिथे त्यांचं स्वतःचं स्क्वाड्रन उभं राहिलं. विमानं ब्रिटिशांची, माणसं चेक. मागे राहिलेल्या घरच्यांचा छळ होऊ नये म्हणून काही जण खोट्या नावाने उडत. याच्या आईला मुलगा गेल्याचं युद्ध संपल्यावर कळलं. तिला इथे येता आलं नाही. पत्रातून तिने आजींच्या आईला एवढंच विचारलं होतं, कबरीवर ऊन येतं का?

मी मान खाली घातली. तीन आठवड्यांपूर्वी नाशिकला माझी आई कोविडने गेली होती. मी एकुलती एक, विमानं बंद. अग्नी शेजारच्या काकांनी दिला. त्यानंतर त्यांचे चार फोन आले, मी एकही उचलला नाही. राग त्यांच्यावर नव्हता, पण निघत होता त्यांच्यावरच. माझी जागा त्यांनी घेतली होती, आणि मला त्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. अक्षरांच्या खाचांतलं शेवाळ नीट काढलं, दगड धुतला. मग तिथल्याच बाकावर बसून काकांना फोन लावला. ते काहीतरी समजुतीचं बोलू लागले, मी त्यांना थांबवलं.

"काका, स्मशानात नंबर लागेपर्यंत आईला बाहेर ठेवलं होतं ना? तिथे सावली होती का?"



"नव्हती गं. मी छत्री धरून उभा होतो."