दिवाणखान्यातलं इंजिन

आमच्या आतोबांइतका, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांइतका, ‘ओरिजिनल’ या शब्दावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये झाला नाही. शर्टाचं बटण तुटलं तर दुसरं लावण्यापेक्षा ते पोट उघडं टाकून हिंडत. दात पडले तरी कवळी नाही. “दोनच उरलेत, पण कंपनीचे आहेत,” म्हणत त्या दोन दातांवर शेव चघळत बसत. आत्या म्हणे, “मला बदललं नाही, तेही याच हट्टापायी.”

अशा माणसाच्या नशिबी इंजिन बदललेली गाडी यावी, हा दैवाचा निव्वळ चावटपणा. ते नोकरीला होते त्या मिलच्या मालकांची जुनी विलायती गाडी त्यांनी हौसेनं घेतली आणि वर्षाच्या आत तिचं इंजिन जाम झालं. परदेशी पार्ट तेव्हा मिळत नसत. शेवटी मिलच्या वर्कशॉपमधल्या सोबत्यांनी सुट्टीच्या दिवशी खपून तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. गाडी धावू लागली, पण पिठाच्या गिरणीसारखी भकभकत. आतोबांना त्याची इतकी लाज वाटे, की राजवाड्यापाशी गाडी थांबली की शेजारच्या स्कूटरवाल्याला ते आपणहून सांगत, “भिया, गाडी असली है, आवाज पे मत जाना.” मूळ इंजिन मात्र त्यांनी दिवाणखान्यात टेबलक्लॉथ घालून ठेवलं होतं. दसऱ्याला अंगणात गाडीला एक हार आणि आत इंजिनाला दुसरा. पाहुणे त्यावर चहाचा कप ठेवू लागले की आतोबांचा चेहरा पडे.

पुढे मिल बंद पडली. क्वार्टर सोडून शहराबाहेर राऊ गावातल्या दोन खोल्यांत जायचं ठरलं, तिथे गाडीला जागा कुठली? जुन्या गाड्यांचा एक शौकीन बघायला आला. बॉनेट उघडून त्यानं नाक मुरडलं, पण टेबलक्लॉथ उचलल्यावर त्याचे डोळे चमकले. “बाबूजी, यही तो चाहिए! असली इंजन के साथ गाड़ी की कीमत ही अलग है. पार्ट अब बाहर से आ जाते हैं. वो डीज़ल का डब्बा कबाड़ी को दे दो.”

आतोबांचा जन्मभराचा हट्ट खरा ठरला होता. आता हे पेढे वाटणार, असं आम्ही धरूनच चाललो.

पार्ट आले, मेकॅनिक आले, मूळ इंजिन गाडीत बसलं. किल्ली फिरवली तशी गाडी इतक्या हळुवार आवाजात सुरू झाली, की आत्यानं हात जोडले. आम्ही आतोबांकडे पाहिलं, तर ते अंगणात पोत्यावर ठेवलेल्या डिझेल इंजिनाजवळ बसून खांद्यावरच्या पंच्यानं त्याचं तेल पुसत होते.

“हा बोल्ट वर्कशॉपच्या शर्मानं घासून बसवलाय,” ते मला म्हणाले. “ही पट्टी शिंद्याची. शिंदे आता बेटम्याला भाजी विकतो. शर्मा कुठे आहे, पता नहीं.”

मी म्हटलं, “आतोबा, कबाडी येऊन थांबलाय.”

“त्याला वापस पाठव. हे राऊला येणार.” पुन्हा पुसू लागत म्हणाले, “अरे, पूरी मिल गेली. आमच्या हातचं चालू हालतमध्ये एवढंच उरलंय.”

मला त्या क्षणी त्यांचा फार लोभ वाटला. फाटकातून गाडी बाहेर पडली, ऐटीत वळली. आतोबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.