नावं काढलेली प्रार्थना

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. बढाई म्हणून सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतो. पोरवयात मी दुसऱ्याच्या दुकानात सोफ्यांना खिळे मारले, मग बरीच वर्षं दलाली केली आणि शेवटी स्वतःचं दुकान टाकलं. दलालीत एकच हुन्नर असतो. दोन माणसांना एकमेकांशी थेट बोलू द्यायचं नाही. घेणाऱ्याला सांगायचं, देणारा ऐकत नाही. देणाऱ्याला सांगायचं, घेणारा उठून चालला. दोघं घाबरले की सौदा आपल्या हातात येतो.

हा हुन्नर मी माझ्या घरात वापरला.

तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा माझं दुकान सोडून समोरच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्या शेठकडे नोकरीला लागला. माझं आणि त्याचं पटत नव्हतं, हे खरं. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला गाढव म्हणायचो, हेही खरं. पण नोकरी करायची तर समोरच्या गल्लीत? तो शेठ रोज सकाळी मला हात करून म्हणायचा, "साईं, लडका हीरा है आपका." माझं डोकं फिरलं. मी मुलाला फोन करून सांगितलं, "तुझ्या मम्मीला तुझं तोंड बघायचं नाही." आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्याने निरोप दिलाय, त्याला आपल्याशी संबंध ठेवायचा नाही."

आठ दिवसांत दोघांपैकी एक जण वाकेल, असा माझा हिशेब होता. कोणीच वाकलं नाही. तिने त्याला फोन लावले, पण तिच्या फोनवरून बहुतेक वेळा मीच बोलायचो, म्हणून त्याने ते उचलले नाहीत. त्याने अंबरनाथला भाड्याने घर घेतलं. आम्ही बदलापूरला, बेलवलीत. एका स्टेशनाचं अंतर. खोटं सांगणं सोपं होतं, परत घेणं जमेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन वर्षं गेली आणि बायकोची किडनी निकामी झाली.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. एका दुपारी भिंतीकडे बघतच म्हणाली, "अहो, मला दुसरं काही नको. एकदा आपण तिघांनी चर्चमध्ये एका रांगेत बसून प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यावा. मग मी जायला मोकळी." मी तिला ओरडलो, जायच्या गोष्टी करू नकोस म्हणून. मला दुसरं काही येत नव्हतं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत. दोन मंडळ्या सांभाळतात आणि दर गुरुवारी आजारी माणसांच्या घरभेटी करतात. त्या गुरुवारी ते आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला. मी त्यांना खाली सोडायला गेलो आणि पार्किंगमध्ये, त्यांच्या स्कूटरशेजारी उभा राहून सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी स्कूटरची किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणाले, "भाऊ, हे तुम्ही त्या दोघांना सांगायला हवं."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं कामच ते आहे."

"माझं काम तुमच्या शेजारी उभं राहायचं. बोलायचं तुम्ही."

मी घासाघीस केली. तिथेही केली. शेवटी असं ठरलं की ते अंबरनाथला जाऊन मुलाला महिन्याच्या पहिल्या, प्रभुभोजनाच्या रविवारी उपासनेला आणतील. उपासना झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं बसू, ते माझ्या शेजारी बसतील आणि मी सांगेन. ते तीनदा अंबरनाथला गेले. दोनदा मुलाने दारातून परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "येतो. मागे बसेन. कोणी माझ्याशी बोलायचं नाही."

आता इथे एक यंत्र येतं. यंत्र म्हणजे फोनमधली ती कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला काहीही विचारलं की लिहून देते. ती मंडळीत आणायला चर्चच्या कमिटीत सगळ्यात जास्त भांडलो मी. बदलापूरच्या मांजर्लीत नदीचं पाणी घुसलं होतं तेव्हा पाळकसाहेबांनी तिच्याकडून चहा निवेपर्यंत यादी करून घेतली होती. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोणाला गाद्या हव्यात, कोणाकडे टेम्पो आहे. माझ्या दुकानातल्या गाद्या त्या यादीप्रमाणे घरोघर गेल्या, एकही चुकीच्या दारी गेली नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या पंचांनी नाकं मुरडली तेव्हा मी म्हणालो, "साहेबांचे चार तास वाचतात. ते चार तास ते आजाऱ्याजवळ बसतील." माझं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही.

पण साहेबांनी एक सवय लावून घेतली. घरभेट झाली की विसरायला नको म्हणून फोनमध्ये बोलून ठेवायचे. शनिवारी ते सगळं यंत्राला द्यायचं आणि सांगायचं, याची रविवारी सगळ्यांसाठी मागायची मध्यस्थीची प्रार्थना कर, नावं काढून टाक. मग स्वतः एकदा वाचायचं आणि कागद पंचांच्या हाती द्यायचा. त्या शनिवारी त्यांच्या दुसऱ्या मंडळीत मयत झाली. कागद न वाचताच पंचांकडे गेला.

त्या रविवारी मी बायकोला पुढच्या रांगेत बसवलं. मान वळवून पाहिलं. मुलगा शेवटच्या बाकावर होता, हेल्मेट मांडीवर. वाळला होता. बायकोला मी हळूच सांगितलं, "आलाय." तिने माझा हात एवढा घट्ट धरला की तिच्या हाताची सुई लावायची जागा दुखली असणार.

एक पंच तो कागद घेऊन उभे राहिले आणि वाचू लागले. परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी, बेकार तरुणांसाठी. मग वाचलं, आपल्यातल्या एका बंधूसाठी, ज्याने रागाच्या भरात मुलाला सांगितलं की आईला तुझं तोंड बघायचं नाही, आणि आईला सांगितलं की मुलाला संबंध नको, आणि जो आता आजारी पत्नीच्या खाटेजवळ हे ओझं वाहत आहे.

प्रार्थना सुंदर होती. तेच मला सहन होत नाही. कोणाबद्दल आहे हे कळायच्या आधीच दोन बायकांनी पदराने डोळे पुसले. मग एकेक मान आमच्याकडे वळली. पंच वाचता वाचता अडखळले, त्यांनाही कळलं, पण त्यांनी वाक्य पुरं केलं, कारण कागदावर होतं.

बायकोने माझा हात सोडला. माझ्याकडे पाहिलंच नाही. मागे वळून पाहिलं. मुलगा उभा राहिला होता, तिच्याकडे बघत होता. दोघांनाही एकाच वेळी कळत होतं, आणि मध्ये साठ घरांची माणसं बसली होती. त्याने हेल्मेट उचललं आणि तो बाहेर गेला. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

प्रभुभोजनाचं तबक आमच्यापर्यंत आलं. तिने प्याला उचलला नाही. तबक पुढे दिलं.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझं पोर मला नको म्हणतं, असं समजून मी दोन वर्षं रोज त्याला मनातून काढत होते."

सोमवारी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो ते ओरडतच. ते म्हणाले, "भाऊ, नावं काढली होती."

"नावं? साठ घरांची मंडळी. कोणाची बायको डायलिसिसला जाते? कोणाचा पोरगा बाप सोडून गेला? नाव काढून काय उरलं झाकायला? माझा शर्ट काढायचा आणि म्हणायचं, तोंड झाकलंय?"

"तुमचं बरोबर आहे."

"त्या डबड्याला कळत नाही शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते."

"त्याला कळत नाही," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मीच त्याला बोलावलं होतं. यंत्रावर ढकलू नका, भाऊ. तुम्ही मला सांगितलं होतं, त्याला नाही. मी ते पुढे दिलं, आणि वाचलंही नाही."

त्यांनी यंत्राला दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं. तासभर ओरडता आलं असतं. आमच्या धंद्यातही कारागिराने माल बिघडवला की गिऱ्हाईक कॉलर माझी धरतं, आणि मी कारागिराला पुढे करतो. हा माणूस कोणाला पुढे करेना. मी जिना उतरताना तरीही त्यांना वाईट बोललो. अजून तो राग गेलेला नाही. जाईल असं वाटत नाही.

आणि मी काय केलं? घरी येऊन फोन काढला आणि त्याच यंत्राला सांगितलं, मुलाची माफी मागणारा मेसेज लिहून दे. फार छान लिहून दिला. तसाच पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "पप्पा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यात एकही शिवी नाही. मम्मीबद्दल तरी स्वतः बोला."

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना फोन केला. बोलायची इच्छा नव्हती, पण त्यांनी शेजारी उभं राहायचं कबूल केलं होतं आणि कबूल केलेलं मी सोडत नाही. आम्ही अंबरनाथला गेलो. मुलाने दार अर्धं उघडलं.

मी म्हणालो, "मी खोटं बोललो. तिने असं कधी म्हटलं नव्हतं. तू गेलास म्हणून मला राग होता, तो मी तिच्या नावावर खपवला."

"हे मी चर्चमध्ये ऐकलं," तो म्हणाला. "सगळ्यांबरोबर."

पाळकसाहेब म्हणाले, "ते माझ्यामुळे. त्याची माफी मी मागतो."

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी मम्मीकडे येईन. गुरुवारी दुपारी. तुम्ही घरात नसताना."

"आणि मी कुठे जाऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मी कधी कोणाचा पहिला भाव मान्य केलेला नाही. तो केला.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मी आमच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीत बसतो. कमिटीत मी ठराव मांडला की यंत्राने याद्या कराव्यात, उपासनेचे दिवस लावावेत, गीतांचे कागद छापावेत, पण घरभेटीत सांगितलेला शब्द फोनमध्ये जायचा नाही, आणि जे वाचायचं ते आधी पाळकांनी स्वतः वाचायचं. सगळ्यांनी हात वर केले. साहेब आता छोटी वही वापरतात. ठराव मंजूर झाल्यावर ते वाचणारे पंच माझ्याशी हात मिळवायला आले. मी मिळवला नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता हातात सुई लावायला जागा मिळत नाही. डायलिसिस अजून किती दिवस चालेल ते सांगता येत नाही म्हणाले. म्हणून परवाच्या गुरुवारी पाळकसाहेब प्रभुभोजनाचा छोटा डबा घेऊन आले. वर, तिसऱ्या मजल्यावर, मुलगा होता. साहेब माझ्यासमोर थांबले.

"त्याने मला बोलावलंय का?" मी विचारलं.

"नाही, भाऊ."

ते वर गेले. मी घड्याळ पाहत बसलो. ते खाली आले तेव्हा डबा उघडाच होता. दोन प्याले रिकामे, तिसरा भरलेला, भाकरीचा एक तुकडा बाजूला.

"वहिनींनी तीन भरायला सांगितले," ते म्हणाले. "घ्या. इथेच घ्या."

मी डब्याकडे पाहिलं. तिला तिघं एका रांगेत हवे होते. तीन मजल्यांची रांग तिने मागितली नव्हती. आणि हा प्याला मी घेतला की ती जायला मोकळी. मी डब्याचं झाकण लावलं.

"उद्या पुन्हा डायलिसिस आहे," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारी आणा."

"पुढच्या गुरुवारी," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू न करता तिथेच उभे राहिले. वर आमच्या गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला. कोण आलंय ते मान वर करून पाहायची माझी हिंमत झाली नाही.