कौशल्याबाईंचे ज्यूडोचे कोट

अकोल्याच्या जुन्या शहरात कौशल्याबाईंच्या गोधड्यांना नाव होतं. माहेर हिवरखेडचं, शेतकऱ्याचं. नवरा सहदेव जिनिंगमध्ये कामाला, म्हणून बिऱ्हाड अकोल्यात. बाईंचा टाका बारीक आणि हात जड. त्यांची गोधडी तीन पोरांच्या ओढाताणीतही फाटत नाही, असं लोक म्हणत. त्यात वाढवून सांगितलेलं काही नव्हतं. त्यांना पोरं तीनच होती आणि तिन्ही भांडखोर.

१९६२ च्या दिवाळीनंतर कमलाकांत मास्तर त्यांच्याकडे आले. मास्तर शाळेत संस्कृत शिकवत आणि संध्याकाळी तालमीत ज्यूडो. ज्यूडो ते अमरावतीच्या एका शिबिरात सहा आठवडे शिकले होते, बाकीचा एका इंग्रजी पुस्तकातून शिकत होते. अडचण अशी की ज्यूडोत समोरच्याच्या अंगातला कपडा धरून त्याला पाडायचं असतं, आणि अकोल्यात माणूस पडायच्या आधी सदरा फाटत होता. पंधरवड्यात एकोणीस सदरे गेले. पोरांच्या आया तालमीच्या दाराशी येऊन बसू लागल्या.

मास्तरांनी पुस्तकातलं चित्र पुढे केलं. "असा कोट हवा. ओढला तरी फाटू नये."

"कोन ओढते?"

"मुलं. एकमेकांना."

"काहून?"

"पाडायला."

बाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. "म्हंजे गोधडीले बाह्या लावा लागतीन," त्या म्हणाल्या.

कोट आठ दिवसांत झाला. वर-खाली मांजरपाट, मध्ये जुन्या धोतराचा थर, आणि अंगभर टाके. चित्रातल्या माणसाची छाती उघडी दिसत होती, ते बाईंना बरं वाटलं नाही, म्हणून बाराबंदीला असतात तसे दोन बंद त्यांनी आपल्या मनानं डाव्या कुशीला लावले. मास्तरांनी कोट घातला आणि ठीक आहे म्हणाले.

"थांबा," म्हणत बाईंनी दोन्ही हातांनी गळपट्टी धरली आणि ओलं लुगडं झटकावं तसा एक झटका दिला. मास्तर ओसरीवर आडवे झाले. बाई वाकून खांद्याची शिवण पाहत होत्या.

"उसवला नाई," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पडल्यापडल्याच आणखी दहा कोट सांगितले.

पुढं दोन वर्षं तालीम जोरात चालली. वसंत नावाचा एक विद्यार्थी तर असा तयार झाला की त्याच्याशी लढायला कोणी उभं राहीना. तेवढ्यात बातमी आली की टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच ज्यूडो असणार. मास्तरांनी वसंतसाठी दिल्लीला पत्र लिहिलं. दिल्लीहून उत्तर आलं की आपल्या देशाचा ज्यूडोचा संघ जाणार नाही. मास्तरांनी ते पत्र ज्यूडोच्या पुस्तकात ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी ते बाईंकडे आले.

"माणूस जात नाही, तर कोट तरी जाऊ दे."

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टोकियोच्या एका ज्यूडो शाळेचा पत्ता होता. तिथं एक नवा कोट पार्सलनं गेला. ऑगस्टमध्ये इंग्रजीत पत्र आलं. मास्तरांनी ओसरीवर बसून ते मराठी करून वाचलं.

"कोट मिळाला. आमच्या सर्वांत दांडग्या विद्यार्थ्यांनी तो ओढून पाहिला. फाटला नाही. शिवणाऱ्यास आमचा नमस्कार. फक्त एक नम्र सूचना. बंदांमुळे कोटाची उजवी बाजू डावीवर येते. आमच्याकडे तसा पोशाख मेलेल्या माणसाला घालतात."

मास्तरांचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "आपल्याकडं मेलेल्याले टाका घातलेलं कापड चालत नाई. थे लोक शिवून देते?"

"देत असावेत."

"जपते मंग मेलेल्याले."

मास्तर गेल्यावर त्यांनी पोरांचे अकराच्या अकरा कोट मागवून घेतले आणि एकेक बंद उसवला. दोन वर्षं आपण गल्लीतल्या अकरा पोरांना मढ्याचा पोशाख घालत होतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं. वसंतची आई रोज नळावर भेटायची. तिला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

ऑक्टोबरात टोकियोला सामने झाले. शेवटच्या सामन्याला वजनाचं बंधन नव्हतं. त्यात खुद्द जपानचा गडी हरला. हॉलंडच्या माणसानं त्याला हरवलं. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचलं, तालमीला कुलूप घातलं आणि घरी जाऊन बाजेवर पडले. त्यांची बायको रमा कौशल्याबाईंना बोलवायला आली. मास्तर दोन दिवस जेवले नव्हते.

बाई जाऊन बाजेशेजारी बसल्या. "झालं तरी काय थे सांगा."

"साडेसहा फूट उंच माणूस. त्यानं जपानच्या गड्याला खाली दाबून धरलं. तीस सेकंद. याला उठताच आलं नाही."

साडेसहा फुटाला कापड किती लागलं असेल याचा बाईंनी मनात हिशेब केला. मग विचारलं, "मंग?"

"त्याचे देशवाले आनंदानं धावत गादीवर येऊ लागले. त्यानं हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं. मग उठून वाकून नमस्कार केला."

"चांगल्या घरचा दिसते. त्याले शिकवलं कोनं?"

"जपान्यांनीच. तिथं जाऊन शिकला तो."

"मंग त्याहीचं शिकवनं लागू पडलं म्हना. तुमी काहून उपाशी पडून राह्यले?"

रमाबाईंनी ताट आणलं. मास्तर उठून जेवले.

दुसऱ्या दिवशी तालीम उघडली, पण पाचच जण आले. जपानच हरतो तर आपली कुस्ती काय वाईट, असं म्हणून बाकीचे आखाड्यात गेले. त्यांचे सहा कोट बाईंकडे परत आले. बाईंनी ते उसवून, धुऊन, कपाटावर ठेवले आणि पुन्हा गोधड्यांना लागल्या. १९६८ च्या मेक्सिकोच्या ऑलिम्पिकमधून ज्यूडो वगळला गेला. मास्तरांनी ही बातमी पाऊस नाही म्हणावं तशी सांगितली.

त्याच वर्षी वसंतचं पत्र आलं. तो अमरावतीच्या एका शाळेत व्यायामशिक्षक झाला होता आणि त्यानं ज्यूडोचा वर्ग काढला होता. नऊ कोट हवे होते. बाई म्हणाल्या, माप घेतल्याशिवाय कातर लावत नाही. त्या एस.टी.नं अमरावतीला गेल्या.

शाळेच्या पटांगणात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. वसंतनं इशारा केला आणि नऊ विद्यार्थी रांगेत उभे राहून कमरेत वाकले. कोणीच पाया पडेना, नुसतेच वाकून राहिले. अशा वेळी काय करायचं असतं ते बाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीवरून उठल्या, पहिल्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ उभं केलं, पाठीला फीत लावली आणि वसंतला म्हणाल्या, "लिहून घे."