अब्बांचा इमाम-जामिन

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी लेक सानिया उद्या मैत्रिणींबरोबर केरळला निघतेय. तिथलं तेय्यम, म्हणजे देवाचं सोंग घेऊन नाचतात ते, बघायचंय तिला. आठवडाभर घरात तिकिटं, हॉटेल, समुद्र, हेच चाललंय.

आमच्यात प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर इमाम-जामिन बांधतात, म्हणजे कापडात शिवलेलं नाणं. सुखरूप पोचलं की तो सोडायचा आणि नाणं गरिबाला द्यायचं.

कापडासाठी आईची पेटी उघडली, तर आत एक शिवलेलाच सापडला. चार आणे अजून आतच होते. मी लगेच ओळखला, अब्बांच्या दंडावरचा शेवटचा. नव्वदच्या आसपास अब्बा निजामपुऱ्यातल्या आमच्या घरून कोकणात, गावच्या उरुसाला निघाले होते. वाटेतच, मानकोलीपुढे त्यांच्या गाडीला ट्रकने उडवलं. गाव त्यांनी गाठलंच नाही.

सानियाला वाटतं, आजोबा आजाराने गेले. तिने हात पुढे केला, "अम्मी, हा तयारच आहे की! हाच बांध."

मी तो मुठीत घट्ट धरला. "जुना झालाय गं," एवढंच बोलले.

तिला आज सांगू, की परत आल्यावर? 'परत आल्यावर' हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.