रिकाम्या गाडीची थरथर

करमाडच्या शिवारात रत्नमालाच्या सासरची मेंढरं होती आणि ती बाजाराला न्यायची पिकअप तीच चालवायची. नवरा अजिनाथ कंपनीत कामाला. त्याची पाळी आणि बाजाराचा दिवस कधी जुळायचा नाही. म्हणून लग्नानंतर ती गाडी शिकली. पुढं हात असा बसला, की सासरे कारभारी दुसऱ्या कुणाच्या गाडीत मेंढरू चढवू देईनात.

मेंढवाड्याकडं जाताना नाल्यातल्या दगडांना गाडीचं पोट घासायचं. यंदा अजिनाथनं स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे बसवून गाडी चार बोटं उंच करून आणली.

"बघ, कशी ऐटीत उभीय!"

ऐट होती खरी. पण पहिल्याच बाजाराहून परतताना जालना रोडवर वेगाचा काटा साठाला टेकला, आणि रत्नमालाच्या पाठीखाली काहीतरी थरथरायला लागलं. स्टिअरिंग शांत होतं. थरथर यायची ती सीटमधून, खालून. वेग कमी केला की गप्प, वाढवला की पुन्हा हजर. मागून ट्रक हॉर्न मारत होते.

करमाडच्या राजेंद्र मिस्त्रीला तिनं पुढच्या बाजाराला जाता जाता गाडी दाखवली. मागं मेंढरं भरलेली. तो एक चक्कर मारून आला.

"काय बी नाय, वहिनी. मख्खन चालतीय."

तरी त्यानं चाकं बॅलन्स करून दिली. संध्याकाळी येताना थरथर होतीच. अजिनाथ म्हणाला, "वहम हाय तुझा. उंच गाडीची सवय नाय अजून."

तिला स्वतःचाच भरवसा वाटेना. जेवताना, मेंढरांना पाणी पाजताना तीच थरथर अंगात जाणवायची. रस्त्यात काही तुटलं तर? मागून ट्रक असला तर?

त्यानंतरच्या बाजाराला सासू बानाबाई सोबत होती. परतताना काटा साठावर गेला तशी म्हातारी दाराला धरून बसली.

"अगं, बुडाखाली काय कापतंय हे?"

रत्नमालाला रडूच आलं. "आत्याबाई, तुमाला बी कळतंय?"

"न कळाया मी काय दगड हाय? सकाळच्याला तर नव्हतं."

सकाळी नव्हतं! रत्नमालानं गाडी कडेला घेतली. सकाळी मागं मेंढरं होती, आता हौदा रिकामा. दर वेळी असंच. राजेंद्रनं चालवली तीही भरलेलीच. तिनं सावकाश, तिसऱ्या गिअरात, गाडी थेट त्याच्या गॅरेजवर नेली. "भाऊ, आता रिकामी चालवून बघा."

ती शेजारी बसली. साठावर राजेंद्रनं गाडी न्यूट्रल केली. इंजिनाचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"इंजिन नाय, वहिनी. मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट हाय."

गॅरेजवर तो गाडीखाली शिरला, शाफ्ट हातानं हलवला. टकटक वाजला. गाडी उंच केल्यानं शाफ्ट तिरका झाला होता. मेंढरांच्या वजनानं पाटे दबले की तो सरळ यायचा. रिकाम्या गाडीत वाकडा फिरून त्यानं जोडाचा क्रॉस खाऊन टाकला होता.

"अजून येखादा फेरा, आन् शाफ्ट रस्त्यातच निखळला असता," राजेंद्र म्हणाला.

बानाबाई बाकड्यावर बसून चहा पीत होती. रत्नमाला जाऊन तिला खेटून बसली.

पाळी संपवून अजिनाथ आला. काढून ठेवलेला झिजका क्रॉस त्यानं हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणाला, "तू सांगत व्हतीस."

"व्हय. सांगत व्हते."

राजेंद्रनं नवा क्रॉस टाकला, ठोकळे निम्म्या उंचीचे केले, शाफ्टचा तिरकसपणा काढायला पाट्याखाली पाचर मारली. नाल्यातला एखादा दगड आता पुन्हा घासेल, असं बजावलं.

"घासू द्या," रत्नमाला म्हणाली.

पुढच्या बाजाराहून परतताना अजिनाथ रजा टाकून शेजारी बसला होता. काटा साठावर गेला. गाडी निवांत होती. तरी कितीतरी वेळ रत्नमालानं पाठ सीटला टेकवली नाही. अजिनाथनं रेडिओकडं हात नेला, तिच्याकडं बघून मागं घेतला, आणि थरथर परत येतीय का म्हणून दोघंही गाडीकडं कान देऊन बसले.